पत्र्यावरचे दगड उतरवा: खान्देशातल्या फॅब्रिकेशनवाल्या भाऊंना खुलं पत्र

रामराम भाऊ,

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतल्या वेल्डिंगवाल्या, शेड उभारणाऱ्या, पत्रे ठोकणाऱ्या सगळ्या भाऊंना हे पत्र आहे. माझं तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावाला हार्डवेअरचं दुकान आहे, पत्रा, पाईप, स्क्रू, फास्टनर सगळं विकतो, म्हणजे तुमचं माझं रोजचंच येणंजाणं, कोण उधारी किती दिवसांनी देतो इथपर्यंत ओळख. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीये, आखाजी झाली की वादळाचे दिवस सुरू, आणि दरवर्षी मे-जूनमध्ये जे होतं ते यंदाही होणार हे दिसतंय, म्हणून म्हटलं आताच लिहावं, पत्रे उडाल्यावर लिहून काय उपयोग.

लोक म्हणतील असलं पत्र कलेक्टर साहेबांना लिहायचं असतं नाहीतर आमदाराला. त्यांना लिहिणारे खूप आहेत, लिहितातच. पण घराच्या छपराचा खरा निर्णय कुठला साहेब घेत नाही, तो तुम्ही शिडीवर उभं राहून घेता. एका पत्र्याला चार स्क्रू मारायचे की बारा, पत्र्याखालचा आडवा पाईप भिंतीत नुसता खोचायचा की प्लेट टाकून आवळायचा, हे खाली उभ्या असलेल्या घरमालकाला कळतही नाही, त्याचं सगळं लक्ष कलरकडे, लाल घ्यावा का निळा.

दरवर्षीचं चित्र तुम्हाला माहितीच आहे. दुपारभर ४३-४४ डिग्री, चारच्या सुमाराला सातपुड्याकडून नाहीतर अजिंठ्याच्या डोंगराकडून काळं येतं, मग धुळीचा लोट, वीस मिनिटं वावधन, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोन फोटो, एक आडव्या झालेल्या केळीच्या बागेचा आणि एक लाईटच्या तारांवर लटकलेल्या पत्र्यांचा. केळीचं काय करायचं ते शेतकरी आणि विमावाले बघतील, तारांवरचा पत्रा मात्र आपला विषय आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होते. "काय करो भो, वाराच तसा व्हता," असं म्हणत माणूस पत्रा न्यायला येतो, तोच पत्रा, तेवढेच स्क्रू, तेवढाच पातळ पाईप घेऊन जातो आणि तुम्हीही तो तसाच लावून देता. धंदा म्हणून पाहिलं तर माझ्यासाठी चांगलंच आहे, दर तीन वर्षांनी एकाच घराला तोच माल. पण त्या पत्र्याखाली माणसं झोपतात भाऊ. २०२४ च्या मे महिन्यात यावल तालुक्यात आंबापाणीजवळच्या पाड्यावर वादळात घर कोसळून एकाच कुटुंबातले चौघं गेले, ते वाचून सुद्धा आपण वाऱ्यावर ढकलून मोकळे होणार असू तर अवघड आहे.

आता हे दगडांचं. कुठल्याही गावात जा, पत्र्यावर दगड दिसणार, विटा दिसणार, जुने टायर, तुटलेला पाटा, काहीही. ही सवय आली कुठून याचा मी खूप विचार केला आणि मला वाटतं ती धाब्याच्या घरातून आली. आपली जुनी घरं धाब्याची, खाली लाकडाचा कडीपाट, त्यावर मातीचा वीतभर थर, वर दरसाल पावसाआधी खारी माती टाकायची. त्या छपराचं वजन एका चौरस मीटरला अडीच-तीनशे किलो सहज भरतं. वारा कितीही सुटो, धाबं उडालं असं कुणी ऐकलंय का? गळलं ऐकलंय, लाकूड कुजून बसलं ऐकलंय, उडालं कधीच नाही. पिढ्यान् पिढ्या छप्पर म्हणजे वजनाने बसलेली गोष्ट हेच डोक्यात. मग लाकूड महाग झालं, खारी टाकायला माणूस मिळेना, धाबी गेली आणि पत्रा आला. अर्धा मिलीमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला पाच किलोसुद्धा भरत नाही. कुठे तीनशे आणि कुठे पाच. म्हणजे पत्र्याचं घर वजनावर उभंच राहू शकत नाही, ते फक्त जोडावर उभं राहतं, आणि आपण अजून वर दगड ठेवतोय.

दगडाने काय होतं त्याचा हिशोब करू, सोपा आहे. वाऱ्याचा दाब काढायला आयएस ८७५ भाग ३ या बांधकामाच्या भारतीय मानकात, म्हणजे कोडमध्ये, सूत्र आहे, वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, ०.६ ने गुणायचं, उत्तर चौरस मीटरला न्यूटनमध्ये येतं, ९.८ ने भागलं की किलो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याला चौरस मीटरला साधारण १७ किलो, ८० ला ३०, १०० ला ४७. दहा फूट बाय साडेतीन फुटाचा एक पत्रा घेतला, सव्वातीन चौरस मीटर, तर त्याला ६० च्या वाऱ्यात ५५ किलो, ८० च्या वाऱ्यात शंभरच्या जवळ आणि १०० च्या वाऱ्यात दीडशे किलोच्या आसपास ओढ बसते, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन फक्त चौदा-पंधरा किलो. आता त्यावर दहा-दहा किलोचे दोन दगड ठेवले तर काय फरक पडणार? वारा पत्रा उचलतोच, वर दगड भिरकावतो. पत्र्याने माणूस जखमी होतो, दगडाने मरतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो हेही त्या सूत्रातच आहे, म्हणून "मागच्या वर्षीच्या वादळात तर काही झालं नाही" याला काही अर्थ नाही, मागच्या वर्षी ५० चा असेल, यंदा ८० चा येईल.

आणि ही ओढ वरच्या बाजूला असते हे गिऱ्हाईकाला समजावणं सगळ्यात कठीण. त्याला वाटतं वारा छपराला ढकलतो. भिंतीला ढकलतो, छपराला वर खेचतो. वारा छपरावरून जाताना वेग घेतो, वरचा दाब कमी होतो आणि खालची घरातली हवा पत्रा वर लोटते. त्यात वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं की वारा आत शिरून खालूनही दाबतो, दोन्हीकडून मिळून काम होतं. म्हणूनच ओट्यावरचा पत्रा सगळ्यात आधी जातो, तिथे खालून अडवायला भिंतच नाही. वादळ दिसलं की वाऱ्याकडची दारं-खिडक्या लावायच्या, ही म्हाताऱ्या बायांची शिस्त उगाच नव्हती.

आपल्याकडचं वादळ कोकणासारखं नसतं. तिथे निसर्ग चक्रीवादळ आलं, ३ जून २०२०, तौक्ते आलं २०२१ च्या मे मध्ये, दोन-तीन दिवस आधी सगळ्यांना माहिती, तासन् तास वारा. आपलं चक्रीवादळ नसतं, तो ढग फुगतो, वरून पाऊस सुटतो, पण खालची हवा इतकी कोरडी आणि तापलेली की बराच पाऊस वरच्या वर सुकतो, सुकताना हवा गार होते, गार हवा जड, ती धाडकन खाली पडते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. म्हणून पाऊस नंतर, आधी धूळ आणि वारा. आणि म्हणूनच दिशेचा भरवसा नाही, दहा मिनिटं पश्चिमेकडून आणि नंतर उलटा. "आमच्याकडे वारा खालच्या अंगाने येतो, तिकडचेच स्क्रू डबल मारा" असं जे लोक सांगतात ते ऐकू नका, चारी कडा सारख्याच मजबूत पाहिजेत. हवामान खात्याचा अलर्ट ताशी ४०-५० किंवा ५०-६० म्हणून येतो, पण ढग नेमका ज्या गावावर फुटतो तिथला झटका त्याच्या वर जातो, तो कुठल्या गावावर फुटेल हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही. कोडच्या नकाशात नाशिकला सेकंदाला ३९ मीटर धरलेत, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, पन्नास वर्षांत सरासरी एकदा येऊ शकेल असा झटका. आपण त्याच शेजारात राहतो. १४० ला चौरस मीटरमागे नव्वदच्या वर किलो होतात, करा हिशोब.

बरं, चारी कडा म्हटलं तर कडांचंच सांगतो, कारण तुमच्या कामातली सगळ्यात मोठी गडबड तिथेच आहे. पत्र्याच्या मधल्या भागापेक्षा कडेला, कोपऱ्यात आणि वरच्या मोभाजवळ ओढ दुप्पट-अडीचपट असते. उडालेलं कुठलंही छप्पर बघा, सुरुवात कोपऱ्यातून किंवा पागोळीच्या कडेपासून झालेली असते, एक पत्रा सुटला की त्याच्या खालून वारा घुसतो आणि मग बाकीचे पुस्तकाच्या पानांसारखे उलटत जातात. आणि आपण स्क्रू कसे मारतो? मध्ये जितके, कडेला तितकेच, उलट कडेला हात पोचत नाही म्हणून एखादा कमीच. व्हायला पाहिजे उलटं, कडेच्या, पागोळीच्या आणि मोभाच्या पाईपावर प्रत्येक पन्हाळीला एक, मध्ये एकाआड एक चालेल. मधले पाईप चार-साडेचार फुटांच्या पुढे लांब टाकू नका, कडेला तर त्याहून जवळ. गिऱ्हाईक म्हणतं सावली पाहिजे, पत्रा तीन फूट बाहेर काढा. दीड फुटाच्या वर बाहेर काढायचा तर त्याला खालून तिरपा टेकू द्या, नाहीतर सरळ नाही म्हणा. उतार पण जरा द्या राव, आजकाल सगळे जवळपास सपाटच ठोकतात, उतार कमी तितकी ओढ जास्त, वीस-पंचवीस डिग्रीचा दोन पाखी उतार असला की छप्पर बरंच शांत राहतं. चार पाखी तर फारच चांगलं पण त्याची कटिंग करायचा कंटाळा येतो हे मला माहिती आहे.

मग पाईप. इथे मी स्पष्ट बोलणार आहे, रागावू नका. स्क्रू पत्र्याला धरत नाही, तो खालच्या पाईपाला धरतो, स्क्रूचे आटे पाईपाच्या जाडीत बसतात. दीड-दोन मिलीमीटर जाडीच्या पाईपात नीट बसलेला एक स्क्रू शंभर किलोच्या वर ओढ घेतो. पण माझ्याकडून जो माल सगळ्यात जास्त जातो तो सव्वा मिलीमीटरच्या आतला, त्यात धड एक आटासुद्धा बसत नाही, बाहेरून स्क्रू छान दिसतो, हाताने फिरवला की फिरतो. किलोवर पाईप घेता ना, म्हणून पातळ घ्यायचा मोह. मी दोन्ही ठेवतो, तुम्ही मागाल ते देतो, पण पत्रा २६ गेजचा, म्हणजे साधारण अर्ध्या मिलीमीटरचा, घेऊन खाली पापडासारखा पाईप टाकणं हे उलटं शहाणपण आहे, गिऱ्हाईकाला पैसे वाचवायचे असतील तर पत्र्याच्या कलरवर वाचवा म्हणावं. लाकडी वाशांवर खिळे ठोकून पत्रे लावणं तर आता बंदच करा. लाकूड उन्हाळ्यात सुकतं, खिळा ढिला होतो, वाऱ्याला फक्त निमित्त पाहिजे. लाकूडच असेल तर लांब आट्याचा लाकडाचा स्क्रू येतो तो वापरा. आणि इंग्रजी J च्या आकाराचा जुना हुक, ज्याला आता नवीन पोरं हसतात, तो लोखंडी अँगलला खालून मिठी मारून बसतो, आट्यावर अवलंबून नाही, त्याला मी अजून वाईट म्हणणार नाही, फक्त त्याचा वॉशर चांगला पाहिजे, नाहीतर गळतो.

वॉशर वरून आठवलं. आपलं ऊन. मे महिन्यात भर दुपारी पत्र्यावर हात ठेवून बघा, ६५-७० डिग्री असतो. जानेवारीत पहाटे तोच १० डिग्रीवर. ६० डिग्रीच्या फरकाने वीस फुटांचा पत्रा चार मिलीमीटर लांब-आखूड होतो. हे रोज थोडं थोडं चालू असतं, स्क्रूच्या भोवतीचं भोक हळूहळू लांबट होतं, स्वस्तातला रबर वॉशर उन्हाने दोन वर्षांत कडक होऊन तडकतो, मग स्क्रू आणि पत्रा यांच्यात फट, फटीतून पाणी, पाण्याने गंज, आणि त्या ढिल्या पत्र्याला वारा खडखड हलवायला लागतो. म्हणून ईपीडीएमचा, म्हणजे ऊन-पाणी सोसणाऱ्या रबराचा, वॉशर घ्या, दिसायला दोन्ही काळेच, दाबून बघा, ईपीडीएम दबून परत येतो. आवळताना ड्रिल मशीनचा जीव जाईपर्यंत आवळू नका, वॉशर किंचित फुगला की थांबायचं, चेपून बाहेर आला म्हणजे फाटला. तिरका गेलेला स्क्रू काढून त्याच भोकात परत मारू नका, एक साईज मोठा घ्या.

ही खडखड काय करते याची सगळ्यात मोठी शिकवण ऑस्ट्रेलियातून आली. १९७४ च्या नाताळच्या आदल्या रात्री डार्विन नावाच्या शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं, शहरातल्या सत्तर टक्क्यांच्या वर इमारती गेल्या, आणि बहुतेक घरांवर पत्राच होता, स्क्रूने नीट लावलेला. जॉर्ज वॉकर नावाच्या इंजिनियरने नंतर तपास केला तेव्हा दिसलं की स्क्रू जागच्या जागी होते, खालचा आधारही होता, स्क्रूच्या भोवतीचा पत्रा चिरला होता. वारा एकसारखा ओढत नाही, झटके देतो, वर-खाली, वर-खाली, हजारो वेळा, आणि तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसा स्क्रूच्या डोक्याभोवती पत्रा तडा जाऊन फाटतो. स्क्रू तिथेच राहतो आणि पत्रा त्याच्यावरून निघून जातो. तेव्हापासून तिकडे चक्रीवादळाच्या पट्ट्यात पत्रा आणि स्क्रू हजारो झटके देऊन तपासतात, आणि स्क्रूखाली पन्हाळीच्या आकाराचा रुंद मोठा वॉशर टाकतात म्हणजे ओढ पसरते. आपल्याकडे तालुक्याला असला वॉशर मिळणं कठीणच, पण कडेच्या ओळीला साध्या वॉशरच्या वर पत्र्याचाच एक तुकडा पन्हाळीवर वाकवून टाकला तरी भोकावरचा ताण कमी होतो. कातरलेले तुकडे तुम्ही भंगारातच देता ना, द्या इथे वापरून.

आता सगळ्यात दुर्लक्षित जागा, पाईप आणि भिंतीचा जोड. वादळाच्या फोटोंत नीट बघा, बऱ्याच ठिकाणी पत्रा सुटलेलाच नसतो, अख्खा सांगाडा पत्र्यासकट शेजारच्या वावरात पडलेला असतो. म्हणजे स्क्रू चांगले होते, तुमचं वेल्डिंग चांगलं होतं, आणि ते सगळं भिंतीवर नुसतं ठेवलेलं होतं. बारा बाय वीसची खोली घ्या, २२ चौरस मीटर. पत्रे आणि पाईप मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास. ताशी ८० च्या वाऱ्यात ओढ साडेसहाशेच्या वर. वरचे चारशे-साडेचारशे किलो कोण धरणार? चार इंची विटांच्या भिंतीत खोचलेला आणि मसाल्याने लिंपलेला पाईप? तो मसाला वाळूचा की सिमेंटचा ते मिस्तरीलाच ठाऊक. भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा बांधपट्टा टाकायला लावा, त्यात पट्टा ओला असतानाच बोल्ट किंवा सळईचे हुक सोडा आणि पाईप त्याला आवळा. जुनं घर असेल, पट्टा नसेल, तर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी खाली तीन-चार फूट उतरवून आरपार बोल्टने बांधा, म्हणजे छपराबरोबर भिंतीचं वजनही धरलं जातं. इथे वजनाचा उपयोग आहे भाऊ, भिंतीचं वजन खाली बांधून घ्या, दगडाचं वर ठेवून काही होत नाही.

गच्चीवरच्या शेडचं तर काय सांगू. भुसावळ म्हणा, जळगाव म्हणा, दोंडाईचा, शहादा, कुठेही उंचावर उभं राहून बघा, निम्म्या गच्च्यांवर पत्र्याचं शेड आलंय. उन्हाने स्लॅब तापतो, खालच्या खोलीत झोपवत नाही, गळती पण थांबते, लोकांचं चुकीचं काहीच नाही. पण ते शेड म्हणजे उंचावर, जिथे वारा जास्त, चारी बाजूंनी उघडं, वरून ओढ आणि खालून ढकल दोन्ही. आणि ते उभं कशावर? पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, विटांत खोचलेल्या नळ्यांवर. असं शेड गेलं की पॅरापेट सोबत घेऊन जातं आणि खाली गल्लीत माणूस, गाय, गाडी काय असेल ते. प्रत्येक खांबाला खाली सहा-आठ इंची बेस प्लेट, प्लेटला चार अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये भोक पाडून घट्ट बसवायचे बोल्ट, ते स्लॅबमध्ये बीमच्या वर येतील अशी जागा बघून, पॅरापेटमध्ये नाही. खांबांना तिरपे टेकू. फास्टनर मारताना भोकातली भुकटी फुंकून काढा, भुकटीत बसलेला फास्टनर बसल्यासारखा दिसतो आणि ओढला की निघतो. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर काम सोडून द्या असं म्हणणं मला सोपं आहे, तुमचं पोट त्यावर आहे, पण निदान गच्चीच्या कामात तरी हटून बसा.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल दोनच शब्द, जड आहे म्हणून उडत नाही असं समजू नका, तो तडकतो आणि तुकड्यांनी उडतो. गारपिटीतही तोच फुटतो.

पैशाचं बोलू, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. माझ्या दुकानातल्या भावाने सांगतो, ईपीडीएम वॉशरचा स्क्रू तीन-चार रुपयाला पडतो. बारा बाय वीसच्या खोलीला कडेचे जादा साठ-सत्तर स्क्रू मारले तर एकशे ऐंशी ते दोनशे ऐंशी रुपये. बेस प्लेटा, बोल्ट, पट्ट्या धरून अजून दीड-दोन हजार. आता दुसरी बाजू. छप्पर उडाल्यावर पंचनामा होतो, आपत्तीच्या मदतीचे जे केंद्राचे निकष २०२२ ते २०२६ साठी ठरले त्यात घराची अंशतः पडझड, तीही किमान १५ टक्के दिसली तर, पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,०००. गोठ्याला ३,०००. एवढ्यात आज पत्रे, पाईप आणि तुमची मजुरी होईल का, तुम्हीच सांगा. हे आकडे गिऱ्हाईकाला तोंडावर सांगत जा, स्क्रूवरची घासाघीस आपोआप थांबते.

एक गोष्ट मात्र मनात येते ती लिहूनच टाकतो. केळीच्या हवामान आधारित विम्यात वाऱ्याचा वेग हा निकष आहे, महसुलाच्या मंडळामंडळाला हवामान केंद्रं बसलीत, वारा किती सुटला ते नोंदवलं जातं. म्हणजे केळीच्या झाडाला किती वारा सोसतो याचा आकडा सरकारकडे आहे आणि त्याच शिवारातल्या घराच्या छपराला किती सोसायला पाहिजे हे विचारणारं कुणी नाही. घरकुलाचंच बघा, सपाटीच्या गावाला १ लाख २० हजार, डोंगरी भागाला १ लाख ३० हजार केंद्राच्या योजनेचे, टप्प्याटप्प्याने जिओ टॅग फोटो काढून हप्ते सुटतात. ज्या घरकुलाला स्लॅब परवडत नाही तिथे पत्राच येतो. फोटोत पत्रा दिसतो, खालचा जोड दिसत नाही. सरपंच आणि घरकुलाचे इंजिनियर हे पत्र वाचत असतील तर त्यांना एवढंच म्हणणं, शेवटच्या हप्त्याआधी एक फोटो भिंतीच्या माथ्यावरच्या बोल्टचा पण घ्या. त्यासाठी ना जीआर लागतो ना बैठक.

आता तुमच्याकडून मला काय पाहिजे ते. पहिलं म्हणजे कोटेशन देताना नुसतं "पत्रा शेड फूट दराने इतके" असं लिहू नका. पत्रा किती मिलीमीटर, पाईप किती जाडीचा, एका पत्र्याला स्क्रू किती, वॉशर कुठला, भिंतीला जोड कसा, हे पाच शब्द कागदावर आले पाहिजेत. फूट दरात सगळं झाकलं जातं, जो चार स्क्रू मारतो आणि जो बारा मारतो दोघांचा दर एकच, मग बारा मारणारा धंद्यातून जातो. कागदावर आलं की गिऱ्हाईक विचारायला लागतं, आणि चांगलं काम करणाऱ्याला त्याचे पैसे मागता येतात. तुमच्यात चांगलं काम करणारे भरपूर आहेत, मला नावानिशी माहिती आहेत, एरंडोलकडचा एक भाऊ तर स्वतःहून प्रत्येक खांबाला प्लेट लावतो आणि लोक त्याला महाग म्हणून टाळतात.

दुसरं, आखाजीच्या आधी जुन्या गिऱ्हाईकांकडे एक चक्कर मारा, छपरावर चढून फक्त ढिले स्क्रू आवळायचे, तडकलेले वॉशर बदलायचे, कडेला जादा ओळ मारायची, मोभाचा पत्रा बघायचा. त्याचे पैसे घ्या, फुकट करू नका, फुकटाची किंमत नसते. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी, भर उन्हात पत्र्यावर चढू नका, आणि पाय पाईपावर ठेवा, लाईटची तार जवळ असेल तर आधी लाईन बंद करायला सांगा. आणि उतरताना वरचे दगड खाली घेऊन या. मालक म्हणेल राहू द्या, असू द्या वजनाला. ऐकू नका.

कोटेशनचा एक साधा नमुना मी मराठीत छापून घेतोय, वर तुमच्या दुकानाचं नाव टाकायला जागा मोकळी ठेवलीये. ज्याला पाहिजे त्याने माल घ्यायला याल तेव्हा काउंटरवरून गड्डी उचलून न्या, पैसे नको. आणि सव्वा मिलीमीटरच्या पाईपाऐवजी दीड-दोनचा नेला तर उधारीची मुदत वाढवून देईन, यंदाच्या मोसमापुरती, हे लेखी समजा.

तुमचाच,
तापीकाठचा एक हार्डवेअरवाला